पॅरा खेळांचा कोच व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरालिम्पिक संपलं की पुढचे दोन महिने माझा फोन थांबत नाही. पॅरिसनंतर तर कहर झाला. २०२४ साली तिथे भारताला २९ पदकं मिळाली: ७ सुवर्ण, ९ रौप्य, १३ कांस्य. त्यातलं गोळाफेकीचं एक रौप्य आमच्या सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारींचं. मग काय, बी.पी.एड.ची पोरं, तालमीतले वस्ताद, निवृत्तीला टेकलेले पी.टी.चे मास्तर, सगळे विचारायला लागले, ‘सर, आम्हाला जमेल का हे?’ प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहूनच काढतोय. मी गोळा, थाळी, भाला शिकवतो, आणि माझे बरेचसे खेळाडू बसून फेकणारे आहेत. त्यामुळे उदाहरणं त्याच मैदानावरची येणार.

साध्या कोचपेक्षा या कामात वेगळं काय असतं?

ताकद, वेग, झोप, जेवण, सातत्य हे सगळं तेच. दांडी मारणारा खेळाडू इथेही दांडीच मारतो आणि कारणंही तीच देतो. फरक पडतो तो तंत्रात. पुस्तकातलं तंत्र ज्या शरीरासाठी लिहिलंय, ते शरीर तुमच्या समोर नसतं.

गोळाफेकीचं शिक्षण पायापासून सुरू होतं. जमीन रेटायची, ताकद कमरेतून खांद्यात आणि खांद्यातून बोटांत आणायची. आमच्याकडे ते बुडापासून सुरू होतं. खेळाडू लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर बसतो, तिला आम्ही थ्रोइंग फ्रेम म्हणतो. उशी धरून तिची उंची ७५ सेंटिमीटरच्या वर जाऊन चालत नाही. चौकट पट्ट्यांनी जमिनीला आवळतात, खेळाडूच्या मांड्या पट्ट्यांनी चौकटीला आवळतात. मोकळ्या हाताने धरायला एक उभा दांडा असतो. फेकताना बूड उचललं की फाउल.

म्हणजे कोचचं अर्धं काम बैठक बसवण्याचं. पट्टा कुठे, दांडा किती पुढे, बसायचं सरळ की तिरकं, पाय कुठे टेकवायचे. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे पाठीच्या कण्याला मार बसलेला एक मुलगा होता. चार महिने त्याचं अंतर वीतभरसुद्धा सरकेना. मी रोज त्याच्या कोपराच्या मागे लागलेला: कोपर वर, कोपर वर. एका संध्याकाळी तो वैतागून म्हणाला, ‘सर, कोपराचं राहू द्या, मी डावीकडे पडतोय.’ गोळा सुटायच्या क्षणी त्याला आपण कलंडतोय असं वाटायचं, आणि ते टाळायला तो हात आखडता घ्यायचा. दांडा चार बोटं पुढे घेतला, मांडीचा पट्टा थोडा वर सरकवला. कोपर आपोआप वर आलं. चार महिने मी त्याला साधं विचारलं नव्हतं की बाबा, तुला आतून काय जाणवतंय? कमरेखाली मला जे जाणवतं ते त्याला जाणवत नाही, आणि त्याला जे जाणवतं ते मला बाहेरून दिसत नाही. तेव्हापासून सरावाचा पहिला प्रश्न माझाच असतो.

शिक्षण काय लागतं?

सरकारी नोकरी हवी असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा, ज्याला सगळे ‘एनआयएस’ म्हणतात, तो असलेला बरा. साधारण वर्षभराचा असतो आणि एकेका खेळाचा असतो: ॲथलेटिक्स, जलतरण, बॅडमिंटन वगैरे. वेळ नसेल तर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही आहे. त्याने तोंडओळख होते, पण डिप्लोम्याचं वजन त्याला नाही. बी.पी.एड., एम.पी.एड. असेल तर शाळा-कॉलेजची दारं उघडी राहतात.

माझं मत विचाराल तर आधी मूळ खेळ पक्का करा. ज्याला उभ्याने गोळा शिकवता येत नाही, तो बसलेल्याला काय शिकवणार? मग त्या खेळाच्या पॅरा प्रकाराचं नियमपुस्तक वाचा. ते आंतरराष्ट्रीय संघटनांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, आणि तरीही फार कमी कोचनी ते शेवटपर्यंत वाचलेलं असतं. तिसरी गोष्ट, एखाद्या चांगल्या फिजिओथेरपिस्टशी दोस्ती ठेवा.

क्लासिफिकेशनची एवढी भीती का घालतात?

क्लासिफिकेशन म्हणजे खेळाडू कुठल्या गटात खेळणार ते ठरवणारी तपासणी. कोचची दोन-तीन वर्षांची मेहनत तिथे एका दुपारी वर किंवा खाली होते, म्हणून भीती.

आधी मोठा गैरसमज काढून टाकू. सिव्हिल हॉस्पिटलचं टक्केवारीचं सर्टिफिकेट वेगळं आणि खेळातलं वर्गीकरण वेगळं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर सरकारी सवलती मिळतात. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. पण पॅरा खेळांत ते सगळे बसत नाहीत. उदाहरणार्थ, ज्यांना ऐकू येत नाही त्यांची डेफलिम्पिक वेगळी भरते. आणि कागदावर ६० टक्के आहे म्हणजे खेळात अमुक गट, असं काही गणित नसतं. खेळातला क्लासिफायर बघतो ते या खेळातली ही हालचाल करायला हे शरीर कितपत अडतं.

ॲथलेटिक्समध्ये ‘टी’ म्हणजे ट्रॅक आणि ‘एफ’ म्हणजे फील्ड. पुढचा आकडा व्यंगाचा प्रकार आणि तीव्रता सांगतो. ३१ ते ३८ मध्ये सेरेब्रल पाल्सीसारखे, स्नायूंचा ताण आणि ताबा यांच्याशी संबंधित प्रकार येतात. ४० आणि ४१ कमी उंचीचे. ४२ ते ४७ हातापायाचं व्यंग, ६१ ते ६४ कृत्रिम पाय लावून उतरणारे, आणि ५१ ते ५७ व्हीलचेअरवरचे किंवा बसून फेकणारे. साधारणपणे आकडा जितका लहान, तितकं त्या गटातलं व्यंग जास्त. एफ ५४ चा हात तुमच्या-माझ्यासारखा चालतो, पण पोट-पाठीवर ताबा नसतो. एफ ५७ ला धड चांगलं वळवता येतं. दोघेही बसूनच फेकतात, पण एकाला शिकवलेलं दुसऱ्याला जसंच्या तसं चालत नाही.

टोकियोची गोष्ट आठवत असेल. थाळीफेकीच्या एफ ५२ गटात विनोद कुमार यांना कांस्य मिळालं, देशभर पेढे वाटले गेले. मग त्यांच्या वर्गीकरणावर हरकत आली, फेरतपासणी झाली, ते त्या गटात बसत नाहीत असं ठरलं आणि पदक गेलं. स्पर्धेच्या आधी त्यांना त्याच गटात घातलेलं होतं, हे लक्षात घ्या. म्हणून कोचने खेळाडूचे जुने रिपोर्ट, एमआरआय, ऑपरेशनचे कागद पहिल्या महिन्यातच एका फायलीत लावून ठेवावेत. आणि ‘तपासणीत जरा कमी हलव’ असं सुचवणारा कुणी भेटला तर त्याला मैदानाबाहेर काढा. मुद्दाम कमी दाखवणं ही सरळ फसवणूक आहे, आणि त्यात बंदी खेळाडूवर येते.

वैद्यकीय ज्ञान किती हवं?

डॉक्टर व्हायला नको, पण चार गोष्टी झोपेतही आठवल्या पाहिजेत.

बेडसोर: ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला बसून बसून जखम झालेली कळत नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हातावर जोर देऊन अंग उचलायची सवय लावा. एक जखम म्हणजे अख्खा हंगाम गेला.

ऊन: कण्याला वरच्या भागात मार असेल तर त्याखाली घाम नीट येत नाही, म्हणजे अंग थंड व्हायची सोयच नाही. आपल्याकडचा एप्रिल-मे, त्यात विदर्भ-मराठवाडा असेल तर सराव सकाळी आठच्या आत आटपा. झाडांवर मारायचा साधा पाण्याचा फवारा आणि ओला पंचा जवळ हवाच.

तिसरी गोष्ट सगळ्यात धोक्याची. छातीच्या मध्यापासून वर कण्याला इजा असेल, तर लघवीची पिशवी तुंबली, नळी मुडपली किंवा पट्टा फार आवळला गेला एवढ्यानेही रक्तदाब एकदम चढतो. डोकं फुटल्यासारखं दुखतं, चेहरा लाल होतो. अशा वेळी आडवं झोपवायचं नाही. सरळ बसवायचं, पट्टे सैल करायचे, नळी बघायची आणि लगेच डॉक्टर. काही खेळाडू जोर यावा म्हणून हे मुद्दाम घडवून आणायचे. त्यावर आता स्पर्धांमध्ये बंदी आहे.

चौथी, औषधं. ही मुलं कायम कुठल्या ना कुठल्या गोळ्यांवर असतात. सूज उतरायला दिलेली फ्युरोसेमाइडसारखी गोळी उत्तेजकांच्या यादीत येते. वेदनेसाठीचं ट्रामाडॉल २०२४ पासून स्पर्धेच्या काळात चालत नाही. उपचारासाठी खरंच गरज असेल तर आधी परवानगी मागायची सोय आहे, पण अर्ज वेळेत करायला हवा. गावच्या डॉक्टरांना ही यादी पाठ नसते. तो दोष त्यांचा नाही, ती तपासायचं काम आपलं.

खेळाडू शोधायचे कुठे?

मैदानावर बसून वाट बघितलीत तर कुणी येणार नाही, कारण मैदानाला पायऱ्या आहेत. जिल्हा रुग्णालयात सर्टिफिकेटसाठी रांग लागते तो दिवस गाठा. कृत्रिम अवयव बसवण्याची शिबिरं, विशेष शाळा, आयटीआय, एमआयडीसीतले कामगार, सगळीकडे फिरा. ऊसपट्ट्यात चरकात हात गेलेली माणसं भेटतात, विजेच्या तारेचा धक्का बसलेली मुलं भेटतात. पोहण्यातले अर्जुन पुरस्कार विजेते करमाळ्याचे सुयश जाधव यांचे हात लहानपणी विजेच्या धक्क्यानेच गेले.

पुणे परिसरात असाल तर खडकी बघून या. तिथे सैन्याचं पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखालून लुळं पडलेल्यांचं, पुनर्वसन केंद्र आहे, शिवाय लष्कराने पॅरा खेळाडूंसाठी बीईजी (बॉम्बे इंजिनिअर ग्रुप) सेंटरमध्ये सराव केंद्र चालवलंय. सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेले नागालँडचे होकातो सेमा तिथेच तयार झाले आणि चाळिशीत पॅरिसला एफ ५७ गोळाफेकीत कांस्य घेऊन आले. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी, १९७२ साली, हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकणारे मुरलीकांत पेटकर हेही सांगलीकडचेच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागण्याआधी ते मुष्टियोद्धे होते.

कुठला खेळ निवडू?

जो तुम्हाला येतो तो. पण थोडी कल्पना असावी म्हणून सांगतो. बॅडमिंटनमध्ये व्हीलचेअरवरचे आणि एसएल ३ गटातले (पायाचं व्यंग जास्त, पण उभ्याने खेळणारे) खेळाडू एकेरी अर्ध्या कोर्टवर खेळतात, त्यामुळे डावपेच मुळातून बदलतात. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येकाला १ ते ४.५ असे गुण असतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. ज्याला कोडी सोडवायला आवडतात त्याने हा खेळ घ्यावा. बोच्चा हा तीव्र व्यंग असलेल्यांचा खेळ. त्यात उतारपट्टीवरून चेंडू सोडणाऱ्या गटात मदतनिसाला कोर्टाकडे पाठ करून बसावं लागतं. आपल्याकडे त्याचे कोच फार थोडे आहेत. नव्याने येणाऱ्याला तिथे वाव आहे, पण टाळ्या कमी.

मी स्वतः अपंग आहे. कोच होऊ शकतो का?

का नाही? पॅरिसच्या क्लब थ्रोची, म्हणजे लाकडी दांडकं फेकण्याची, फायनल बघा. हरियाणाच्या अमित सरोहांनी ज्याला घडवलं तो धरमबीर, प्रणव सूरमा आणि खुद्द अमित, तिघेही एकाच फायनलमध्ये. धरमबीरच्या पहिल्या चारही फेकी फाउल. पाचवी ३४.९२ मीटर, सुवर्ण. प्रणवला रौप्य. गुरूजी मात्र यादीत तळाला. त्यानंतरचा त्यांचा चेहरा ज्यांनी पाहिला असेल त्यांना कोचिंग म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

पैसे मिळतात का, हो? खरं सांगा.

सुरुवातीला नाही. पहिली चार-पाच वर्षं दुसरी नोकरी धरूनच हे करावं लागतं. मी शाळेत शिकवत होतो, आणि पेट्रोलचा खर्च बायकोच्या पगारातून जायचा. ते अजून ऐकून घेतोय.

वाटा अशा आहेत. भारतीय खेळ प्राधिकरणाच्या आणि ‘खेलो इंडिया’च्या कोचच्या जागा, त्यातल्या बऱ्याच कंत्राटी. राज्याच्या क्रीडा खात्यातल्या जागा, त्या कधी निघतील ते देवाला ठाऊक. ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट, गोस्पोर्ट्स यांच्यासारख्या संस्था खेळाडूला मदत करतात, त्यात कधी कोचचाही विचार होतो. शाळा, क्लब, खासगी शिकवण्या आहेतच. पॅरिसच्या वेळी केंद्राने सुवर्णाला ७५ लाख, रौप्याला ५० आणि कांस्याला ३० लाख दिले. आंतरराष्ट्रीय पदकाच्या योजनेत कोचलाही रक्कम असते. फक्त एक करा: खेळाडूचा कोच म्हणून तुमचं नाव फॉर्मवर पहिल्यापासून लिहिलेलं असू द्या. पदक आलं की अचानक बरेच कोच उगवतात. माझ्या एका खेळाडूच्या राष्ट्रीय पदकाच्या वेळी कागदावर भलत्याच गृहस्थांचं नाव होतं. त्यांना आम्ही दोघंही तोवर भेटलेलो नव्हतो.

साहित्य फार महाग असतं ना?

शर्यतीची व्हीलचेअर आणि धावायचं कार्बनचं पातं महाग, त्यात शंका नाही. पण थ्रोइंग फ्रेम गावातला वेल्डर करून देतो. माझी पहिली फ्रेम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याने केली. मापं नियमपुस्तकातून नेली, पण वेल्डिंगची कड घासायची राहिली आणि मांडीला काच पडला. खेळाडूला कळलंही नाही, रक्त मला दिसलं. तेव्हापासून प्रत्येक सांध्यावरून आधी माझी बोटं फिरतात. पट्ट्यांना ट्रकवर माल आवळायचा रॅचेट बेल्ट उत्तम.

बोलायचं कसं? दिव्यांग म्हणू, अपंग म्हणू?

सरकारी कागदावर दिव्यांग. मैदानावर नावाने हाक मारा. माझ्या खेळाडूंपैकी काहींना ‘दिव्यांग’ आवडतो, काहींना त्याचा राग येतो. एक ताई म्हणते, ‘माझ्यात दिव्य काही नाही सर, गुडघा नाही.’ ज्याला जे चालतं ते.

शब्दापेक्षा हात सांभाळा. व्हीलचेअर न विचारता ढकलू नका, ती त्याच्या अंगाचाच भाग आहे. उचलायचं असेल, पट्टा बांधायचा असेल तर आधी सांगा, मग हात लावा. मुलींना शिकवताना बांधाबांधीसाठी बाईमाणूस सोबत हवीच. यात संकोच नको आणि सूटही नको.

घरचे पाठवत नाहीत. काय करू?

घरी जा. चहा घ्या. पदकाचं बोलू नका, ‘कसा जाणार, कसा येणार, संडासला कुठे जाणार’ याचं बोला, कारण आईच्या मनात तेच असतं. बऱ्याच मैदानांवर व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृहच नसतं. मग खेळाडू सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात. हे तुम्ही आधी पाहून आलात असं आईला कळलं की निम्मं काम झालं. वडील मात्र नोकरीचं विचारतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कुठल्या पदाला चालतं ते शासन निर्णय वाचूनच सांगा, अंदाजाने नको.

कठोर वागावं की सांभाळून घ्यावं?

खिलारींचं पॅरिसमधलं रौप्य १६.३२ मीटरचं, सुवर्ण १६.३८ चं. सहा सेंटिमीटर. दयेवर शिकवून हे सहा सेंटिमीटर निघत नाहीत. उशिरा आला तर उशिरा आला म्हणा. फक्त बस थांबली नाही म्हणून उशीर झाला की झोपून राहिला म्हणून, हे बोलण्याआधी विचारा.

पहिल्या दिवशी काय घेऊन जाऊ?

मोजपट्टी, वही, पाण्याचा फवारा, जुना टॉवेल, दोन जास्तीचे पट्टे, ॲलन चाव्यांचा संच आणि सायकलचा पंप. पंप विसरू नका. व्हीलचेअरचं चाक बरोबर घरी जायच्या वेळी बसतं, आणि त्या वेळी पंक्चरवाल्याचं दुकान बंद असतं.